रिहॅब वॉर्डात नवीन सिस्टर: पेशंटची असेसमेंट आणि कामाचा रेटा कसा सांभाळायचा

आयसीयूतून किंवा सर्जिकल वॉर्डातून रिहॅबला, म्हणजे पुनर्वसन वॉर्डात, बदली झाली की मैत्रिणी म्हणतात, "आता निवांत झालीस बाई." ना व्हेंटिलेटर, ना रात्रीबेरात्री ओटीला पेशंट पाठवायची धावपळ. पहिल्याच सकाळी हा गैरसमज फिटतो. इथला पेशंट आजारी कमी आणि परावलंबी जास्त असतो. त्याला कुशीवर वळवायचं, बसवायचं, भरवायचं, संडास-लघवीचं बघायचं, आणि हे करता करता त्याला काल जे जमत नव्हतं ते आज जमतंय का हेही टिपायचं. असे दहा-बारा पेशंट एकटीकडे आले की असेसमेंटचा, म्हणजे पेशंटच्या तपासणीच्या नोंदीचा, फॉर्म दुपारी दीड वाजता, आठवून आठवून भरला जातो. आठवून भरलेल्या फॉर्मचा कुणालाच उपयोग नसतो.

या वॉर्डात असेसमेंटसाठी वेगळा वेळ कधीच मिळत नाही. म्हणून ती कामाच्या आतच करायला शिकायचं: अंग पुसताना, गोळी देताना, खुर्चीत बसवताना. पुढचं सगळं याच हिशोबानं लिहिलंय, आणि डोळ्यांसमोर आपल्याकडचे वॉर्ड ठेवून लिहिलंय. अंबाजोगाई असो, लातूर, नांदेड, संभाजीनगरची घाटी किंवा एखादं खासगी केंद्र. आपला पेशंट वाडीवरून, तांड्यावरून, ऊसतोडीच्या फडावरून आलेला असतो आणि बरा होऊन तिकडेच जायचा असतो.

ओव्हर घेताना

ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, टेबलाशी बसून घेऊ नका. रात्रपाळीच्या सिस्टरला घाई असते हे खरं, पण बेडपाशी उभं राहून घेतलेल्या ओव्हरमध्ये निम्मी असेसमेंट होऊन जाते. पेशंट कोणत्या कुशीवर आहे, युरीन बॅग किती भरलीय, एअर मॅट्रेस चालू आहे की रात्री लाईट गेल्यावर बसली ती बसलीच, हे डोळ्यांनी दिसतं. मॅट्रेसवर हात दाबून बघा. मशीनचा दिवा लागलेला असतो आणि नळी निसटलेली असते, असं बरेचदा होतं.

एक ए-फोर कागद मधोमध दुमडून खिशात ठेवा. एका बेडला एक ओळ. निदान दोन शब्दांत, बाकी पाचच गोष्टी: पुढच्या वळवणीची वेळ, लघवीचं काय, गिळण्याचं काय, उठबस कशी, फिजिओ कधी आणि त्याआधी गोळी कोणती. उदाहरणार्थ:

बेड ६. उजवा लकवा. १० ला डावी कूस. डायपर, कॅथेटर (लघवीची नळी) काल काढला. पाणी घट्ट करूनच. एक माणूस धरून उभे. फिजिओ ११, बीपीची गोळी ८ ला.

ही ओळ वाचली की तुमच्या डोक्यात तीन प्रश्न यायला हवेत. कॅथेटर काढल्यावर लघवी झाली का आणि किती? सकाळचा चहा घट्ट न करता, म्हणजे पातळच, कुणी पाजला तर नाही? (गिळायला त्रास असलेल्याला पातळ पेय दाट करूनच द्यायचं असतं.) आठला गोळी घेऊन अकराला उभं केल्यावर चक्कर येईल का? प्रश्न पडत नसतील तर कागदावर नको ते लिहिलं गेलंय असं समजा.

कोणाकडे आधी जायचं

बेड नंबर एकपासून सुरुवात करायची सवय नर्सिंग स्कूलपासूनच लागते. इथे ती मोडा. स्वतःला एकच विचारा: पुढच्या दोन तासांत मी गेले नाही तर कोणाचं नुकसान होईल?

ज्याच्या शुद्धीत, श्वासात किंवा बोलण्यात रात्रीपासून फरक पडलाय तो सगळ्यात आधी. मणक्याचा पेशंट डोकं ठणकतंय म्हणत असेल तर त्याच्याकडे लगेच. त्याचं कारण खाली सविस्तर येईल. मग ज्यांना गिळायला त्रास आहे ते, कारण नाश्त्याची गाडी येतच असते. मग इन्सुलिनवाले. इन्सुलिन साडेसातला दिलं, नाश्ता साडेआठला आला आणि पेशंट तेवढ्यात फिजिओच्या हॉलमध्ये नेला, की शुगर ७० च्या खाली जायला वेळ लागत नाही. त्यानंतर ज्यांची कॅथेटरची वेळ झालीय ते. बाकीच्यांना नुसतं दारातून "काका, कसंय? आलेच नाश्त्यानंतर" एवढं सांगितलं तरी चालतं. एवढ्यानेही ते हाका मारायचे थांबतात, आणि हाका कमी झाल्या की तुमचं काम कमी तुटतं.

नवीन पेशंट आला, वॉर्ड भरलेला आहे

ॲडमिशनचा फॉर्म लांबलचक असतो, पण आजच्या आज व्हायलाच हव्यात अशा गोष्टी चार: त्वचा, गिळणं, लघवी आणि पडण्याचा धोका. बाकीचं उद्यावर गेलं तरी आभाळ कोसळत नाही.

त्वचा. पेशंट दुसऱ्या दवाखान्यातून आलेला असेल तर कपडे काढून, वळवून, पाठ, माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, कोपर आणि डोक्याची मागची बाजू बघा. जखम असेल तर तिचं माप आणि ती आली तेव्हाच होती हे त्याच तासात लिहा. आठवड्यानं वाद होतो तेव्हा ही एक ओळ तुम्हाला वाचवते. पुस्तकात लिहिलेलं असतं की लाल झालेली जागा बोटानं दाबा, पांढरी झाली नाही तर बेडसोअरचा, म्हणजे दाबामुळे होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा समजा. आपल्या उन्हातान्हात राबलेल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करा: शेजारच्या कातडीपेक्षा गरम, किंवा टणक, किंवा पिठासारखी मऊ लागली तर धोका सुरू झाला. या जखमेचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलमध्ये सहा मुद्दे असतात, एकूण गुण ६ ते २३, आणि १८ किंवा कमी आले तर पेशंट धोक्यात धरायचा. आकडा लिहून मोकळं होऊ नका; दोन-दोन गुणांनी कुठे मार खाल्ला ते बघा. ओलसरपणात गुण कमी असतील तर उपाय डायपरपाशी आहे, नुसत्या वळवण्यात नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात रेक्झिनची गादी. घामानं भिजलेली पाठ लघवीनं भिजल्याइतकीच खराब होते. वर सुती चादर घाला आणि ती बदलायचीही वेळ ठरवा.

गिळणं. पाणी देण्याआधी तोंड उघडून बघा. गालात सुपारी, तंबाखूची गोळी, मिश्रीचा थर, काल रात्रीचा भात, काहीही सापडतं. लकवा झालेल्या बाजूच्या गालात अन्न साठलेलं पेशंटला कळतच नाही. पेशंट पूर्ण जागा असावा, ताठ बसलेला असावा. एक चमचा पाणी द्या, गळ्याची घाटी वर गेली का बघा, थांबा, मग "आऽ" म्हणायला सांगा. खोकला आला, आवाज घोगरा किंवा ओला झाला, ओठांतून पाणी गळलं तर तोंडानं काही नाही. डॉक्टरांना आणि स्पीच थेरपिस्टला कळवा. खोकला आला नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही, काहींच्या श्वासनलिकेत अन्न गुपचूप जातं, म्हणून जेवल्यानंतरचा ताप आणि वाढलेला श्वास याकडे लक्ष ठेवा. खाऊ घातल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.

इथे घरच्यांचा एक हमखास घोटाळा असतो. "मऊच दिलं सिस्टर, दुधात भाकरी कुस्करून." पातळ दुधात तरंगणारे भाकरीचे कण म्हणजे गिळायला सगळ्यात अवघड प्रकार: दूध आधी पळतं, कण मागे राहतात. भाकरी द्यायचीच असेल तर दूध पूर्ण शोषलं जाईपर्यंत भिजवून, एकजीव घोटून, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट. हे चमचा हातात घेऊन एकदा करून दाखवलं की आजन्म लक्षात राहतं.

लघवी. कॅथेटर काढल्यावर चार ते सहा तासांत लघवी झाली नाही तर ओटीपोटावर हात ठेवा. आणि डायपर ओला आहे म्हणून खुश होऊ नका. मूत्राशय काठोकाठ भरून थेंब थेंब सांडत असेल तरी डायपर ओलाच होतो. थोडी थोडी, सारखी सारखी लघवी, पोट टणक: ही सांडलेली लघवी आहे, झालेली नाही. ठरावीक वेळी कॅथेटर घालायचा असेल तर दर चार ते सहा तासांनी, आणि एका वेळी ५०० मिलीच्या आत निघाली पाहिजे. जास्त निघत असेल तर मधलं अंतर आणि पाण्याचं वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून बदलावं लागतं. बायका हे प्रश्न पुरुष नातेवाइकांसमोर टाळतात, वर लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. सासरा किंवा दीर शेजारी असेल तर त्याला काहीतरी आणायला पाठवा आणि मग विचारा.

पडण्याचा धोका मोर्स स्केलवर मोजा. ४५ आणि पुढे म्हणजे जास्त धोका. पण आपल्याकडे माणूस पडतो तो बहुतेक वेळा संडासला जाताना, पहाटे, "सिस्टरला कशाला उठवायचं" म्हणून. झोपायच्या आधी आणि पहाटे पाच-साडेपाचला स्वतःहून विचारलंत तर स्केलपेक्षा जास्त फरक पडतो.

प्रश्न आपल्या माणसाला कळेल असे विचारा

"आज तारीख काय?" या प्रश्नाला देगलूरकडची सत्तरीतली आजी निरोगी असली तरी उत्तर देणार नाही. मग फॉर्मवर गोंधळलेली असा शिक्का बसतो. वार विचारा, गावचा बाजार कधी भरतो विचारा, नुकताच कोणता सण झाला विचारा, नातवाचं नाव विचारा. उत्तर खरं की खोटं ते शेजारच्या माणसाकडून पडताळा.

बोलण्याबद्दलही तेच. लकव्यानंतर वाचा गेली की काय हे ठरवण्याआधी घरी कोणती भाषा बोलतात ते विचारा. तांड्यावरच्या बाईची भाषा गोरमाटी, सीमेलगतच्या गावांत तेलुगू किंवा कन्नड, शहरात कुठे दखनी उर्दू. मराठीत गप्प असलेली बाई लेकीशी घडाघडा बोलते हे बघायला दोन मिनिटं पुरतात.

दुखण्याचं शून्य ते दहा म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. ते आण्यात सांगतात. "बारा आणे कमी झालं बघा." मग आण्यातच विचारा: रुपयातलं आज किती आणे दुखतंय? उत्तर तसंच लिहा आणि रोज त्याच मापानं विचारा. माप बदललं नाही तरच कालचा आणि आजचा फरक कळतो.

काम आणि असेसमेंट एकत्र

अंग पुसायला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत त्वचा बघून होते. हात धुतल्यावर "वर करा" म्हटलं की ताकद शून्य (हालचालच नाही) ते पाच (पूर्ण ताकद) या मापात कळते. कोपर सरळ करताना अडखळलं तर ताठरपणा कळतो. पोटऱ्या शेजारी शेजारी दिसतात. एक पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर तिला तेल चोळायचं नाही, पेशंटला फिजिओला न पाठवता डॉक्टरांना सांगायचं. रक्ताची गाठ असेल तर मालिशनं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तेल-मालिशीवर आपल्या लोकांचा फार भरवसा, म्हणून हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगा. सोबत हेही सांगा की बधिर पायाला विटेचा किंवा गरम पिशवीचा शेक नको. भाजलेलं त्याला कळत नाही, आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

जेवताना बघायचं: ताटातल्या एकाच बाजूचं संपवतोय का. वरण उजवीकडचं संपलं आणि डावीकडची भाजी तशीच, तर ती आवडली नाही असं धरून चालू नका. मेंदू त्या बाजूकडे बघत नसेल.

बसवताना बघायचं: आडवा असताना बीपी घ्या, बसवून किंवा उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा २० नी किंवा खालचा १० नी उतरला तर उभं करायची घाई नको. उचलताना लकव्याच्या बाजूच्या काखेत हात घालून ओढू नका, मावशींनाही करू देऊ नका. खांदा निसटतो आणि पुढे महिनाभर फिजिओ त्या दुखण्यापायी अडतो.

फिजिओची वेळ हा तुमच्या सकाळचा कणा धरा. दुखण्याची गोळी त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. कंपवाताची गोळी ठरल्या वेळेलाच, दहा पेशंटच्या औषधांत ती मागे पडू द्यायची नाही. संडासचा कार्यक्रम नाश्ता-चहानंतर वीस-तीस मिनिटांनी, रोज त्याच वेळी, शक्यतो बसवून. त्या वेळी आतडी आपणहून हलतात.

एक मोह मात्र आवरायचा. घाई असली की भरवणं, शर्ट घालणं, तोंड धुणं आपणच पटकन करून टाकतो. दोन मिनिटांत होतं. पेशंटला दहा लागतात. सगळ्यांना सगळं करू देणं बारा पेशंटमध्ये शक्य नाही, तसा आव कुणी आणू नये. पण प्रत्येकाचं एक काम ठरवा जे आज त्यालाच करायचंय: सहा नंबरनं तोंड पुसायचं, नऊ नंबरनं डाव्या हातानं बटण लावायचं. कागदावर बेडपुढे लिहून ठेवा. रोजची कामं स्वतःला किती जमतात ते मोजणाऱ्या बार्थेल इंडेक्सचे दहा मुद्दे आणि शंभर गुण याच छोट्या कामांतून वर सरकतात.

मणक्याचा पेशंट आणि डोकेदुखी

विहिरीत किंवा झाडावरून पडून मणक्याला मार बसलेले तरुण या वॉर्डात बघायला मिळतात. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल तर हा धोका (ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया) पाठ करून ठेवा. अचानक डोकं ठणकतं, चेहरा लाल आणि घामेजलेला, बीपी नेहमीपेक्षा २० ते ४० नी वर. मेख अशी की या पोरांचं रोजचं बीपी ९०-१०० च असतं. त्यामुळे १४० दिसलं तर दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरला ते साधं वाटतं. याच्यासाठी ते धोक्याचं आहे, फिट येण्याइतकं किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याइतकं.

आडवं करायचं नाही. ताठ बसवा, पाय खाली सोडा, पोटाचा पट्टा, बूट, घट्ट कपडे सैल करा. लगेच लघवीची नळी बघा: पिळलीय, दबलीय, बॅग काठोकाठ आहे? बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. मग पोटात संडास तुंबलीय का, नख रुतलंय का, चादरीची घडी कुठे टोचतेय का. एकीनं हे करायचं, दुसरीनं डॉक्टरांना फोन, आणि दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी.

फोनवर काय बोलायचं

"सर, पेशंट बरा वाटत नाही, जरा येता का" या वाक्यावर कुणी येत नाही. असं सांगा: "सर, बेड ६, उजवा लकवा, बारावा दिवस. सकाळी नाश्त्यानंतर खोकला आला, आता ताप १०१, श्वास २८, ऑक्सिजन ९१. मला अन्न श्वासनलिकेत गेल्याची शंका आहे. तोंडानं देणं थांबवलंय, बसवून ऑक्सिजन लावलाय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं." फोन लावायच्या आधी केसपेपर हातात हवा. आणि फोनची वेळ लिहून ठेवा.

काम हाताबाहेर जातंय तेव्हा

इन्चार्ज सिस्टरला "लोड जास्त आहे" म्हटलं तर उत्तर ठरलेलं: सगळीकडेच आहे. त्याऐवजी निवड त्यांच्यासमोर ठेवा. "बेड ४ ची ॲडमिशन आणि बेड ७ चं ड्रेसिंग, दोनच्या आधी एकच होईल. आधी कोणतं करू, की कुणाला अर्धा तास पाठवता?" मग निर्णय एकटीच्या डोक्यावर राहत नाही. रोजच असं होत असेल तर तारीख, पेशंटची संख्या, काय राहिलं एवढं लिहून द्या; तोंडी तक्रार हवेत विरते.

मावशी आणि वॉर्डबॉय मामांशी दिवसाच्या सुरुवातीलाच वेळा ठरवा. वळवायला दोन माणसं लागतात, आणि दर बेडला वेगवेगळ्या वेळी मामांना शोधत बसलात तर दिवस तिथेच संपतो. आठ, दहा, बारा, दोन अशी फेरी दोघांनी मिळून एकदम मारा. वळवताना पूर्ण आडव्या कुशीपेक्षा तीसेक अंशांचा कल, पाठीशी उशी, टाचा अधांतरी. फेरी झाली की चार्टवर सही तिथेच. पहाटे चहा पीत रात्रभराच्या सह्या एकदम ठोकायची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. तो चार्ट कोर्टात गेला तर बारा वाजता डावी कूस लिहिलेल्या पेशंटचा बारा वाजताचा एक्स-रेही सोबत निघतो.

नातेवाईक

ते अडचणही आहेत आणि तुमचे जास्तीचे हातही. शिकवल्यावर "कळलं का?" विचारू नका, उत्तर "हाव" असंच येतं. "आता मला करून दाखवा" म्हणा. नळीतून फीड, कॅथेटर, खुर्चीत बसवणं: तुमच्यासमोर व्यवस्थित करून दाखवल्याशिवाय एकट्यानं करायची मुभा नाही. माणसं बदलत राहतात. आज मुलगा, परवा मेहुणा. जो घरी सांभाळणार आहे त्यालाच शिकवा, आणि तो कोण हे पहिल्या दोन दिवसांत विचारा. दसरा-दिवाळीनंतर जोडपं ऊसतोडीला जाणार असेल तर मागे म्हातारी आणि शाळकरी पोरच उरतं. मग सगळी आखणी त्या म्हातारीच्या ताकदीनं करावी लागते.

घराचे प्रश्नही तेव्हाच विचारून घ्या, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी नाही. उंबरा किती उंच? संडास घरात आहे की परसाकडे जावं लागतं? पाणी रोज येतं की टँकरवर आहे? घरी कॅथेटर घालायचा असेल तर साबणानं हात धुण्यापुरतं पाणी वेगळं झाकून ठेवायची सवय वॉर्डातच लावा. भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायला लोक प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून घेतात. स्वस्त आणि चांगली युक्ती आहे, पण बधिर कातडीला त्या भोकाची कड कापते. कडेनं सायकलची जुनी ट्यूब किंवा फोम गुंडाळायला सांगा, आणि पंधरा मिनिटांच्या वर बसवायचं नाही. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज आणि जन आरोग्य योजनेचे कागद समाजसेवा अधीक्षकांकडे पेशंट वॉर्डात असतानाच पोचवा. एकदा गावी गेल्यावर त्या कागदांसाठी त्याला पुन्हा जीप करून जिल्ह्याला यावं लागतं.